आईला विचारलं का?

परदेशी जायचं ठरलं की माणूस एकदम हुशार होतो. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थाचंही तसंच झालं. नवी नोकरी मिळाली, भाड्याचं घर ठरलं, मुलीची शाळा ठरली, तिकडच्या थंडीत कोणते बूट चालतात हेही पाठ झालं. आईचं तिकीट तर त्याने सगळ्यात आधी काढलं. म्हातारीला मागे टाकून जाणाऱ्यांतला तो नव्हता, आणि हे तो चारचौघांत सांगतही असे.

आईला तरुणपणी एका तापानंतर ऐकू येईनासं झालं होतं. ती समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायची, तेही इतकं सहज की घरातले तिचं बहिरेपण विसरूनच गेले होते. बाहेरच्या खोलीत ती शिवणकाम करायची. मापं देता देता बायका सासरची गाऱ्हाणी सांगायच्या, आणि आईचं उत्तर तयार असायचं.

त्या रविवारी नव्या घरमालकिणीचा व्हिडिओ कॉल आला. बाई तिकडच्या भाषेत हसत बराच वेळ बोलली. आईनेही हसून मान डोलावली.

"बघ मावशी, आईला घर पसंत पडलं," कॉल संपल्यावर तो म्हणाला.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, निवृत्त शिक्षिका. तिने आईकडे तोंड करून विचारलं, "काय म्हणाली गं ती?"

"कोण जाणे! दात मात्र छान आहेत बाईचे."

सून खुदकन हसली. मावशी हसली नाही.

"शिकेल की भाषा हळूहळू," तो म्हणाला.

"तू कानांनी शिकशील. ती कशाने शिकणार? आपली भाषा तिने ऐकलेली आहे, म्हणून ती तिला ओठांवर दिसते. तिकडे डॉक्टर, दुकानदार, शेजारीण, सगळे तिच्यापुढे नुसती तोंडं हलवणार. आणि ही पोर? वर्षभरात तिकडचंच बोलायला लागेल. मग नातीचं तरी तिला काय कळणार?"

"म्हणजे मी आईला टाकून जाऊ? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं राहू दे. तिला विचारलंस का?"

विचारलं नव्हतं! बुटांची चौकशी दहा जणांकडे झाली होती, पण आईला कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तो उजेडात, आईच्या समोर जाऊन बसला. "आई, तुला यायचंय का?"

आईने शिवणकाम बाजूला ठेवलं. "नाही रे. तू चाललास याचं वाईट वाटतंय. पण तिथे येऊन मी भिंतीकडे बघत बसू का? मी तुझ्या मावशीकडे राहीन. माझं मशीन मावेल तिच्या घरात."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तू विचारशील म्हणून थांबले होते."

तिकीट रद्द झालं. तो निघाला तेव्हा आईने एवढंच मागितलं, "पोरीशी घरात आपल्या भाषेत बोलत जा. व्हिडिओ कॉलवर ती मला कळायला हवी."

मंडळी, देश जरूर बदला. पण ज्यांना सोबत नेणार, त्यांचं तिथे कसं निभेल, हे आधी त्यांनाच विचारा. आपलं प्रेम आहे म्हणजे विचारायची गरज नाही, असं समजू नका.