फायवेल झ्लोत्निकच्या खिशातले पेन

मित्रांनो, मी काळ्या कडक रबराचे एक पेन आहे. वयाने साठी ओलांडली आहे. माझे टोपण सैल झाले आहे आणि अंगावरची नक्षी बोटांनी घासून घासून पुसली गेली आहे. निब सोन्याचे, म्हणून तेवढे अजून शाबूत आहे. मी आयुष्यात हजारो सह्या केल्या. त्यांपैकी एका सहीची हकीकत मी आज सांगणार आहे. तिला आता इतकी वर्षे झाली, तरी ती आठवली की माझ्या पोटातली शाई थिजते.

माझा जन्म न्यूयॉर्कच्या एका कारखान्यात झाला. जाड चष्म्याच्या एका बाईने माझे निब तांब्याच्या चाकावर घासले, कागदावर आठाचे आकडे गिरवून पाहिले आणि ती स्वतःशीच म्हणाली, "हे कुठे अडायचं नाही." ती माझी पहिली शाबासकी. तेव्हा मला तिचा केवढा अभिमान वाटला होता!

तिथून मी वॉर्डेल या रेशीम विणणाऱ्या गावी आले. तिथल्या सहाव्या वॉर्डात आमची ज्यू मंडळी राहत, बहुतेक पोलंडमधल्या लोझ शहरातून आलेली. फायवेल झ्लोत्निक त्यांच्यातलाच. तेराव्या वर्षी विधवा आईचा, ब्रायनाचा हात धरून तो बोटीतून उतरला आणि दुसऱ्याच आठवड्यात मागावर उभा राहिला. संध्याकाळच्या शाळेत तो इंग्रजी शिकला. जेवणाच्या सुट्टीत विणकर काळी भाकरी चावत बसत आणि हा त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. गल्लीत सगळ्यांना मिळून एकच नळ होता. दुसरा नळ यावा म्हणून फायवेल नगरपालिकेत अकरा वेळा गेला. बाराव्या वेळी तिथले लोकच कंटाळले आणि नळ आला. पंचविसाव्या वर्षी तो नगरसेवक झाला. आमच्या लोकांतला पहिलाच.

त्या दिवशी सिनेगॉगमागच्या खोलीत सगळे जमले. वर्गणी काढून मला आणले होते, आणि मला त्याच्या हाती देण्याचा मान मासे विकणाऱ्या झिसल मावशीला दिला होता. तिच्या बोटांना खारवलेल्या माशांचा वास होता.

"घे रे," ती म्हणाली. "मला माझं नावसुद्धा लिहिता येत नाही. आता आमच्या गल्लीची सही तू करायची."

"आधी त्याला वेळेवर जेवायला सांगा," ब्रायना म्हणाली, "सह्या काय, होतील."

सगळे हसले. फायवेलने मला कोटाच्या आतल्या खिशात ठेवले.

पहिली दोन वर्षे फार चांगली गेली. मी शाळेच्या शेगडीसाठी लिहिले, हातगाडीच्या परवान्यासाठी लिहिले, बंदरावरच्या अधिकाऱ्यांनी बोटीवरून उतरू न दिलेल्या एका म्हाताऱ्यासाठी तर सहा पत्रे लिहिली. बाया रस्त्यात थांबवत. "फायवेल, हा कागद आलाय, बघ बरं काय म्हणतो." तो तिथेच उभा राहून वाची, पुन्हा वाची, आणि मगच मला बाहेर काढी.

मग मॅकगर्क आला. तो पक्षाचा गावातला कारभारी. स्वतः कधी निवडणुकीला उभा राहिला नाही, पण कोण उभे राहणार हे तोच ठरवी. त्याने फायवेलला इमारत समितीचा अध्यक्ष केले आणि वर म्हणाला, "शरद ऋतूत तुला राज्याच्या विधानसभेला उभं करू. इतक्या तरुण वयात कोणी गेलेलं नाही." त्यानंतर फायवेलच्या डोक्यावर नवी हॅट आली. रोज कुठे ना कुठे भाषण असे. ब्रायनाने ओतलेला चहा पेल्यात तसाच गार होऊन जाई.

मार्चमधल्या एका मंगळवारी त्याला तीन दहाची गाडी पकडायची होती. टेबलावर बावीस कागद होते. कारकून एकेक कागद पुढे सरकवी, बोट ठेवी आणि म्हणे, "इथे." मी सही करी. "इथे." मी सही करी. त्यांतला एक अर्ज लॉरिमर नावाच्या मालकाचा होता. नदीकाठच्या त्याच्या फितीच्या कारखान्यात, चौथ्या मजल्यावर, आणखी सहा माग बसवायचे होते. त्यावरही मी सही केली. शाई भरपूर होती, निब गुळगुळीत होते. मी एकदाही अडले नाही. मित्रांनो, मला लाज वाटते ती याचीच.

पाच आठवड्यांनी, गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास नगरपालिकेच्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या. कोणीतरी जिन्यातून ओरडले, "लॉरिमरचा मजला बसला." फायवेल हॅट न घेताच धावला. चौथा मजला तिसऱ्यावर आणि तिसरा दुसऱ्यावर कोसळला होता. तुटलेल्या भिंतीवरून लाल-पिवळ्या फिती लोंबत होत्या, जणू कुणाच्या लग्नाची तयारी चालली होती. दुपारपर्यंत तो हातांनी विटा उकरत होता. मी खिशात होते. त्याच्या छातीची धडधड माझ्यावर आदळत होती. सात मुली गेल्या. त्यांत झिसल मावशीची मुलगी राशे होती, सतरा वर्षांची.

मग तो कचेरीत गेला आणि त्याने लॉरिमरचा कागद काढला. पुढच्या पानावर माझी सही होती, काळीभोर. मागे टाचणीने एक चिठ्ठी लावली होती. फायवेलने ती पुटपुटत वाचली. "चौथ्या मजल्याच्या तुळया कुजल्या आहेत. नवे माग ठेवू नयेत. असलेले उतरवावेत. हॉबार्ट, इमारत तपासनीस."

तो जमिनीवरच बसला.

"मागे होतं," तो म्हणाला. "नुसतं मागच्या पानावर होतं."

मी सुन्न झाले. तोपर्यंत मला वाटत होते, की पाप मालकाचे आहे, पैशाच्या हावेचे आहे, कुजक्या लाकडाचे आहे. ते माझ्या टोकातूनही उतरले असेल, हे माझ्या स्वप्नातही आले नव्हते.

तेवढ्यात मॅकगर्क आत आला. त्याने दार लोटले, चिठ्ठी पाहिली आणि खुर्ची ओढली.

"हॉबार्ट म्हातारा झालाय," तो शांतपणे म्हणाला. "अर्धं ऐकू येत नाही त्याला. त्याने चिठ्ठी दिलीच नाही, असं सांग."

"दिलीय त्याने. ही माझ्या हातात आहे."

"शेगडी पेटलेली आहे, फायवेल."

"तीस वर्षं नोकरी केलीय त्याने."

"म्हणूनच म्हणतो. त्याचं आता काय राहिलंय? तुझं सगळं पुढं आहे." मॅकगर्क पुढे वाकला. "आणि एकट्या तुझा विचार करू नकोस. तू पडलास, तर तुमच्यातल्या माणसाला या गावात पुढं कोण मत देईल? तुझ्या लोकांचं दार तू उघडलंस. आता तूच ते लावणार?"

फायवेलने चिठ्ठीची घडी घातली आणि ती माझ्याशेजारी, खिशात ठेवली. ती जाळायला नेतोय की जपायला, हे मला कळेना. तीन दिवस आम्ही दोघे एकमेकांना चिकटून होतो.

झिसल मावशीच्या घरी सुतक चालू होते. आमच्या रीतीप्रमाणे आरशावर चादर टाकली होती. ती बुटक्या स्टुलावर बसली होती, आणि शेजारणींनी आणलेली उकडलेली अंडी ताटात तशीच पडली होती. दुखवट्याच्या घरी आलेल्याने आधी बोलायचे नसते, म्हणून फायवेल उभाच राहिला.

"बस," ती म्हणाली. "हातांनी उकरत होतास म्हणे. पट्ट्या बांधल्यायत."

"मावशी, त्या मागांच्या परवानगीवर माझी सही आहे. मागे तपासनीसाची चिठ्ठी होती, माग नकोत म्हणून. मी ती वाचली नाही."

"इंग्रजीत होती?" तिने विचारले.

"हो."

"तुला येतं ना इंग्रजी?"

"येतं."

"मला येत नाही," झिसल मावशी म्हणाली. "मी वाचली नसती तर मला कोणी काही म्हटलं नसतं. तुला येत होतं, फायवेल."

आणि तिने तोंड भिंतीकडे केले.

ब्रायना दारात भांडे घेऊन उभी होती. तिने सगळे ऐकले होते. रस्त्यावर आल्यावर तिने विचारले, "न्यायाधीशांपुढे चौकशीत काय सांगणार?"

"हेच."

"मग घरी चल, दोन घास खा. पोटात काही नसलं तर तुझा आवाज फुटत नाही."

सोमवारी चौकशी झाली. हॉबार्ट कानामागे तळहात धरून बसला होता. फायवेलने चिठ्ठी न्यायाधीशांपुढे ठेवली.

"ही तुमच्यापासून कोणी लपवली होती का?" त्यांनी विचारले.

"नाही. मी पान उलटलं नाही."

मॅकगर्क उठून गेला. हॉबार्टला ऐकू आले नव्हते. त्याने शेजाऱ्याला विचारले, शेजाऱ्याने मोठ्याने सांगितले. तेव्हा म्हाताऱ्याने चष्मा काढला आणि तो पुसत बसला.

राजीनामा मीच लिहिला. लॉरिमर तुरुंगात गेला. फायवेलला कायद्याने शिक्षा झाली नाही, ती गल्लीने केली. सिनेगॉगच्या बाकावर त्याच्याशेजारची जागा रिकामी राहू लागली. वर्तमानपत्राने लिहिले, की या परक्यांना कारभार कळत नाही. मॅकगर्कचे म्हणणे खरे ठरले. पुढची चौदा वर्षे आमचा एकही माणूस नगरपालिकेत गेला नाही. त्या माणसाचे म्हणणे खरे ठरावे, याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

मला त्याने बटणांच्या डब्यात टाकले. शाई माझ्या पोटात वाळून खडा झाली. बाहेरचे कळे ते डब्याच्या पत्र्यातून. गिरण्या त्याला काम देईनात. मग एका सकाळी हॉबार्ट दारात आला आणि म्हणाला, "माझे गुडघे गेलेत. जिने चढायला माणूस हवाय." फायवेल गेला. आठ वर्षे तो त्याच्यासाठी जिने चढला, तुळया कुजल्या आहेत का ते टोचा खुपसून पाहत राहिला. टिपणे तो पेन्सिलीने करी. हॉबार्टनंतर तो स्वतः तपासनीस झाला.

आणखी काही वर्षांनी, एका दुपारी डबा उघडला. त्याचे केस पिकले होते. त्याने मला कोमट पाण्यात बुडवून ठेवले, निब धुतले, शाई भरली. कालव्यावरची जुनी गिरणी, तुळया कुजल्या म्हणून, बंद करण्याचा हुकूम होता. नव्वद माणसे तिथे काम करत होती, बहुतेक आपलीच. त्याने तो कागद पुढून वाचला, मागून वाचला आणि सही केली.

नोटीस ठोकायला गेला तेव्हा दाराशी गर्दी होती.

"एकदा मारलंस, आता उपाशी मार," एक विणकर म्हणाला.

"पुढच्या महिन्यात भाडं कोण देणार, तू?" दुसरा म्हणाला.

झिसल मावशीची माशांची गाडी दारालाच लागून उभी होती. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी बोलली नव्हती, त्या दिवशीही बोलली नाही. पण तिने गाडी बाजूला ओढली आणि त्याला दारापर्यंत जायला वाट दिली.

माणसांना दुसरीकडे काम मिळायला हिवाळा गेला. काहींना मिळालेच नाही. आणि ती गिरणी काही पडली नाही. अकरा वर्षे ती तशीच उभी होती. लोक टोमणे मारत, "झ्लोत्निकसाहेब, तुमची इमारत अजून उभीच आहे की."

"आहे खरी," तो म्हणे. "आत कोणी नाही."

शेवटी पालिकेने ती पाडली. मजुरांनी लाकूड गाड्यांत भरून नेले. तुळया किती कुजल्या होत्या, हे कोणी पाहिले नाही, आणि फायवेल ते पाहायला हयात नव्हता.

मित्रांनो, आम्हा पेनांना वाचता येत नाही. आम्हांला जिथे टेकवाल तिथे आम्ही चालू लागतो, आणि चांगले पेन तर कुठेच अडत नाही. आम्हांला टोपण घालून ठेवा, शाई वाळू देऊ नका, एवढी काळजी घ्याच. पण ज्या दिवशी तुम्हांला गाडी गाठायची असेल, त्या दिवशी आम्हांला खिशातच राहू द्या. कागद उद्यापर्यंत थांबतो.