काळूच्या कामठ्याची पारध

मित्रांनो, मी एक जुना कामठा आहे, बाण सोडायचा. रोह्याजवळच्या कातकरीवाडीत काळूच्या घराच्या कुडाला मी टांगलेला असतो. काळूच्या बापाने मला डोंगरातल्या बांबूतून तासले आणि चुलीच्या धगीवर वाकवले. काळूच्या तरुणपणी त्याच्या खांद्यावरून मी पुष्कळ रान पाहिले. वाडी माझे कौतुक करायची. पुढे शिकारीला बंदी आली. ते चांगलेच झाले. रानही विरळ झाले होते. माझ्यावर धूर साचला, कोळिष्टके चढली.

काळूची मुलगी करिश्मा धाटावच्या कंपनीत कामाला जाते. एकदा शिफ्ट संपवून आल्यावर ती म्हणाली, "बाबा, हा कामठा टाकून दे. शिकार म्हंजे जीव घेणं."

"जीव घेणं शेवटाला," काळू म्हणाला. "आधी माग काढायचा. जो दिसत नाय त्याच्या मनात शिरायचं. आमी त्याला पारध म्हणायचो."

करिश्माला ते पटले नाही.

काळूची बायको मैना अलीकडे माणसे विसरू लागली होती. एका धुक्याच्या सकाळी ती घरात नव्हती. काळूने सवयीने मला खांद्याला अडकवले. बाण मात्र घेतले नाहीत. करिश्मा त्याच्या मागोमाग निघाली. ती हाक मारणार, तोच त्याने तिला थांबवले.

"घाबरली तर लपंल ती."

कुठे गवतावरचे दव झडलेले, कुठे ओल्या मातीत टाच उमटलेली. धुक्यात झाडे झोपेत चालल्यासारखी वाटत होती. मीही स्वप्नातच होतो जणू.

मैना मोहाच्या झाडाखाली बसली होती, ओटीत फुले घेऊन. करिश्मा पुढे झाली तशी ती मागे सरकली. काळूलाही तिने ओळखले नाही. मग काळू लांबच बसला. त्याने माझी सैल दोरी ताणली आणि बोटाने हळूच छेडली, पूर्वी पारधीहून घरी आल्यावर छेडायचा तशी. मी गुणगुणलो. मैना ऐकत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आले.

"आलास व्हय? काय गावलं?"

"गावलं गो," काळू म्हणाला. "चल घरा."

करिश्माने आईचा हात धरला. थोडे चालून ती म्हणाली, "बाबा, मला बी शिकव पारध."

मित्रांनो, जुना शब्द टाकण्याआधी तो कोणाच्या तोंडी आहे ते ऐका. आणि घरातले कोणी असे हरवू लागले, तर मोठ्याने हाका मारू नका. त्यांच्या वाटेने जा, थोडे लांब बसा, आणि त्यांना ओळख पटेपर्यंत थांबा.