मिठागराच्या मालकाचा सिनेमा

"लाज वाटती का गं तुला? त्या दोक-बेच्या अंगणात चूल मांडतीस?" लसणाची जुडी आवळता आवळता शेजारच्या नाजूवालीनं विचारलं.

"वाटती की," गुम-रे म्हणाली. "पर सिनेमावाल्यांना जेवू घालायचंय, आन् त्यांचा मुक्काम त्याच्याच मिठागरावर हाय."

"ज्यानं तुज्या सख्ख्या भावाला जनावरागत राबवला, त्याच्या दारात?"

"त्याच्याच दारात. दुसरीकडनं त्यो नीट दिसत न्हाई."

नाजूवालीला काही उमगलं नाही. कोरियाच्या त्या बेटावर काही न उमगण्याची सगळ्यांनाच जुनी सवय होती. गुम-रेचा धाकटा भाऊ दोंग-साम अंगानं वाढला, डोक्यानं लहानच राहिला. मिठागराचा मालक दोक-बे यानं त्याची उभी जवानी मिठागरावर फुकट खपवली. फावड्याच्या दांड्यानं तो त्याला अख्ख्या गावादेखत हाणायचा, आणि गावात कुणीही ते पाहिलं नव्हतं.

गुम-रे विधवा होऊन माहेरी परतली, भावाची पाठ बघितली आणि तिनं फिर्याद ठोकली. खटला उभा राहिला आणि लगेच बसला. घरच्यांची लेखी माफी आली की कोर्ट मारणाऱ्याला घरी पाठवायचं. बेटावर सहीपेक्षा ज्याच्या त्याच्या नावाचा शिक्का मोठा, आणि सगळ्यांचे शिक्के सरपंचाच्या कपाटात. खताच्या गोणीपायी शिक्का मारायला दरवेळी कोण हेलपाटे घालणार? सरपंच म्हणजे दोक-बेचा चुलतभाऊ. गुम-रे रानात लसूण खुरपत होती, तेवढ्यात तिकडं कागदावर शिक्क्यानिशी तिनं दोक-बेला मनापासून माफ करून टाकलं होतं. ती कोर्टात ओरडली. शिक्का खरा आहे ना, एवढंच जजसाहेबांनी विचारलं. शिक्का खरा होता.

ही हकीकत राजधानी सोलमधल्या हे-रिन नावाच्या सिनेमावाल्या बाईनं पेपरात वाचली होती. दोक-बेला मात्र तिनं एवढंच सांगितलं, की मिठागराच्या मालकाची गोष्ट आहे. मालकाची म्हटल्यावर तो नायकच असणार, याबद्दल दोक-बेच्या मनात तिळभर शंका नव्हती. त्यानं मिठागर दिलं, छपरी दिली, स्वतःची गवती टोपीसुद्धा दिली.

मालकाचं काम करणारा नट रोज जेवायला चुलीपाशी बसायचा. गुम-रे त्याला माशाचं कालवण वाढायची आणि शिकवायची.

"तसं न्हवं बाबा. उजवा खांदा पुढं टाकून चाल. दार ढकलल्यागत. घास गिळायच्या आधी खाकर. आन् हाणायच्या आधी टोपी काढून खुंटीला अडकव."

"टोपी कशाला काढायची, आक्का?"

"टोपी मळंल की."

दोंग-सामला नटाचा फार लळा लागला. नट जसा चाले तसा हाही मागनं खांदा टाकून चाले.

सिनेमा लागला तेव्हा दोक-बेनं स्वखर्चानं बस केली आणि पूल ओलांडून सगळ्या गावाला शहरात नेलं. स्वतः पहिल्या रांगेत, कोट घालून. पडद्यावर मालक खाकरला, तशी बायकांनी एकमेकींकडं बघितलं. मालकानं टोपी खुंटीला अडकवली आणि दांडा उचलला. तेवढ्यात मागनं दोंग-साम टाळ्या पिटत ओरडला, "आक्का, आपला मालक!"

परतीच्या बसमध्ये दोक-बे नव्हता.

पुढं सगळा देश तो सिनेमा बघून रडला आणि मग चिडला. संसदेतल्या ज्या लोकांना बेट नकाशात सापडत नव्हतं, तेही चिडले, कारण निवडणूक जवळ आली होती. कायदा बदलला: अशा भोळ्या माणसावर हात टाकला तर घरच्यांच्या माफीनं सुटका नाही. हे-रिननं फोन केला. "पण आक्का, जुन्या माराला हा कायदा लागत नाही हो. मला माफ करा."

"माफीचं नाव नको काढूस," गुम-रे म्हणाली आणि फोन ठेवला.

थंडी पडली. गावच्या चावडीपुढं किमचीचं लोणचं घालायला सगळ्या बायका जमल्या, देखरेखीला सरपंच उभा. कोबीचे डोंगर, लाल मिरचीचा खकाणा, आणि मीठ नेहमीप्रमाणं दोक-बेचं. तो पोती उतरवायला आला, तशी कुणीतरी दोंग-सामला म्हणालं, "चालून दाखव की रं, सिनेमातल्यागत!"

दोंग-साम खांदा टाकून चालला. खाकरला. बायका कोबीत तोंड खुपसून हसल्या.

दोक-बेनं टोपी काढली आणि नळाच्या तोटीला अडकवली.

पुढं काय येणार, हे सिनेमा बघितलेल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. गुम-रेला तर आधीपासून. भावाला 'बस कर रे,' म्हणावं असं तिच्या जिभेवर आलं. तिनं जीभ चावली आणि कोबीच्या पानांत मिरची भरत राहिली.

फावड्याचा दांडा दोंग-सामच्या तोंडावर बसला. दुसरा घाव गुम-रेनं आडवं होऊन आपल्या हातावर घेतला. मग मिरचीनं लाल झालेल्या हातांनी भावाचं डोकं मांडीवर धरून ती एकेकीकडं वळली.

"नाजूवाली, दिसलं?"

"दिसलं."

"सरपंच?"

सरपंचानं आभाळाकडं पाहिलं. मग बायकांकडं पाहिलं. "दिसलं," म्हणाला.

पोलीस चौकीतनं जामिनावर घरी सोडलेल्या दोक-बेला वकिलानं बजावलं होतं, की आता माफीचा उपयोग नाही. त्याचा काही विश्वास बसला नाही. आजवर माफीचा उपयोग झालाच होता. बायकोला घेऊन तो गुम-रेच्या घरी आला आणि जमिनीला कपाळ टेकून रडला. मागं सरपंच, हातात गुम-रेचा शिक्का.

"ह्या खेपेला तुमच्या हातानं मारा, आक्का," सरपंच म्हणाला.

गुम-रेनं शिक्का घेतला, नीट शाईत बुडवला आणि कागदावर जिथं जिथं जागा होती तिथं तिथं हाणला. "मनापास्नं माफ केलं हो, मालक."

दोक-बेनं डोळे पुसले. "लई उपकार झालं..."

"उपकार कसलं? कोर्ट आता ह्ये वाचतच न्हाई म्हनं. तुमी घेऊन जावा पर. कोठडीच्या भिताडाला लावायला बरं."

आणि सुजलेल्या ओठाच्या भावाला तिनं जेवायला हाक मारली.