तांबडीची जागा

कोंबडीला अक्कल नसते असं म्हणणाऱ्याने एकदा कडूबाईच्या घरी येऊन राहावं. सात कोंबड्या आणि सातजणींच्या सात तऱ्हा. एक कापसाच्या पऱ्हाटीच्या ढिगात अंडं घालायची, एक शेळ्यांच्या गव्हाणीत, एक थेट चुलीच्या राखेत. दुखरे गुडघे घेऊन कडूबाई रोज वाकून वाकून अंडी हुडकायची. आणि तांबडी? तिला फक्त बन्सीधरची गोधडी चालायची.

बन्सीधर म्हणजे कडूबाईचा नवरा. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला तेव्हापासून बाजेवरच होता. डावं अंग कामातून गेलेलं. त्या लुळ्या हाताच्या कुशीत तांबडी येऊन बसायची आणि अंडं घालून कलकलाट करत निघून जायची. मग तो उजव्या हाताने ते ऊन ऊन अंडं गालाला लावायचा आणि हाक मारायचा, "गोपाळच्या माय, दिलं गं!" जसं काही त्यानेच घातलं होतं.

कडूबाईला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. घाण झालेली गोधडी रोज धुवायची कुणी? लेक गोपाळ पुण्याला. ती पार पिचून गेली होती.

शेजारच्या सविताने उपाय सांगितला. "काकू, झरीच्या बाजारातून फळवाल्याची रिकामी खोकी आणा. भुस्कट घाला, म्होरं पोत्याचा पडदा लावा. आत एक पांढरी गारगोटी ठिवा, अंडंच हाय म्हणून बसत्यात बघा. अन् अकरापस्तोर खुराड्यात कोंडून ठिवा. तुमी शेळ्यांमागं जाताव, मी येऊन सोडते."

महिन्याभरात सगळ्या सुतासारख्या सरळ झाल्या. शेवटी तांबडीही.

गुडघ्यांना आराम पडला, गोधडी कोरडी राहिली. पण बन्सीधर रोज विचारी, "आज बी न्हाई आली का?" चौथ्या दिवशी त्याने विचारणंच सोडलं. भाकरी अर्धी टाकून भिंतीकडे तोंड करून पडला. कडूबाईचा सासरा असाच भिंतीकडे तोंड करून गेला होता.

कोंबड्या फसल्या, मग नवरा का नाही फसणार? तांबडीचं अंडं यायला अकरा वाजत आणि शेळ्या तर नऊलाच चरायला न्यायच्या. म्हणून रोज निघण्याआधी, त्याचा डोळा लागला की कडूबाई बाजेच्या कडेला बसून टोपल्यातलं कालचं अंडं त्याच्या कुशीत सरकवू लागली. पुन्हा हाक आली, "दिलं गं!" भाकरीही संपू लागली. तिच्या मागे मात्र आणखी एक काम लागलं.

एके दिवशी अंडं सरकवता सरकवता बसल्या जागीच तिचा डोळा लागला. पाठीवर हात जाणवला तेव्हा ती दचकली.

"गार हाय," बन्सीधर म्हणाला.

"काय?"

"अंडं. पैल्या दिसापून गारच हाय."

तिला लाज वाटली आणि रागही आला. "मंग बोल्लाव का न्हाई? रोज हाका कशाला मारायलाव?"

त्याला एवढं बोलणंही जड जात होतं. "ठिवायला येतीस तवा... जरा टेकतीस. न्हाईतर कुठं बसतीस तू?"

कडूबाईला रडूच आलं. बाहेर शेळ्यांनी ओरडून आवार डोक्यावर घेतलं होतं. ती उठली नाही.