दाराआडचा होकार

सकाळी दहाच्या सुमारास सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्या गल्लीत सगळे यंत्रमाग एकदम बोलत असतात. खटखटाट इतका, की माणसे एकमेकांचे ओठ वाचून उत्तरे देतात. अंबादासच्या कारखान्यातले चार माग मात्र दिवसातून तीन-चार वेळा अचानक गप्प होत. रस्त्याकडची घंटी वाजली की समजायचे, गिऱ्हाईक आले. मग सुंदरम्मा हातातली सुताची कांडी खाली ठेवी, पदर सारखा करी आणि आतल्या दाराआड जाऊन उभी राही. तिला कोणी जा म्हणत नसे. पंधरा वर्षांत पाय आपोआप वळू लागले होते.

पुढच्या खुर्चीवर बसे ती राजेश्वरी, अंबादासची बायको, सुंदरम्माची धाकटी जाऊ. हातभर हिरव्या बांगड्या, ठसठशीत कुंकू. फलकावर नावही तिचेच. लग्नातल्या आहेराच्या टॉवेलांवर नवरा-नवरीची नावे काठातच विणून देणारा म्हणून हा कारखाना करमाळ्यापासून मंद्रूपपर्यंत ठाऊक होता. ती कल्पना सुंदरम्माची. अक्षरांचे आराखडे तिचे, मागावर नक्षी उतरवणाऱ्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पाडणारी बोटेही तिचीच. नवरा गेला तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. "वैनी, तुमचा हात लागलेला टॉवेल मांडवात कोण घेणार?" असे दीर अंबादास म्हणाला होता, आणि भयंकर गोष्ट ही, की तेव्हा ते तिला पटले होते.

त्या दिवशी मंद्रूपचे सिद्धलिंगप्पा आले होते.

"पोरीचं लगीन हाय. तीनशे टावेल पायजेत. ऋतुजा आन् अभिमन्यू. पर तो 'ऋ' येतोय का तुमाला? आमच्या मास्तरला बी धड लिवता येत न्हाय."

राजेश्वरी खोकली. दाराच्या चौकटीवर आतून बोट वाजले. टक.

"येतोय की," राजेश्वरी म्हणाली.

"पंधरा दिसांत?"

पुन्हा खोकला. टक, टक.

"न्हाई जमणार. तीन आठवडे लागतील."

एकदा वाजले की हो, दोनदा वाजले की नाही. धंदा असा चालत होता.

"उंदरं लई झाली वाटतं घरात," सिद्धलिंगप्पा हसले. "पर ताई, तुमच्या हातात लक्ष्मी हाय बघा. आहेराला सवाष्णीच्याच हातचं लागतं. आमी उगं सोलापूरपातूर येत न्हाय."

सुंदरम्मा उभी राही तिथे, चौकटीवर खांद्याच्या उंचीला, एक काळपट, गुळगुळीत डाग होता. तो तिच्या आधीचा होता. सासऱ्यांची विधवा बहीण काशम्मा हिने त्याच जागी खांदा टेकून तीस वर्षे काढली. या घराची जुनी राघूची किनार तिने रचलेली; नाव झाले सासऱ्यांचे. ती गेली तेव्हा दहाव्याला आलेली माणसे म्हणाली, किती शांत बाई होती. एवढेच. पुढे कधीतरी सुंदरम्मा नकळत तिथे टेकली, आणि तो डाग तिच्या खांद्याला बेतून शिवल्यासारखा बसला. तेव्हापासून माग थांबले, की त्या पोकळ शांततेत तिला आपण न वाजवलेली एक टक ऐकू येई. फक्त एक. दुसरी येते की काय म्हणून ती श्वास धरून थांबे, आणि तेवढ्यात कोणीतरी माग पुन्हा सुरू करी.

तीन आठवड्यांनी सिद्धलिंगप्पा टॉवेल न्यायला आले. नेमक्या त्याच सकाळी कौसर मॅडमही आल्या. महिला उद्योजकांच्या सरकारी योजनेतून नवे यंत्र मिळावे, म्हणून अंबादासने राजेश्वरीच्या नावाने अर्ज केला होता. त्याची पाहणी करायला त्या आल्या होत्या.

"जागा आहे, वीज आहे, बाजार आहे, प्रशिक्षणाचा दाखला आहे," त्या कागदावर खुणा करत म्हणाल्या. "कुठे बँक दारात उभं करत नाही, कुठे माल न्यायला रस्ता नसतो. तुमचं मात्र सगळं जुळून आलंय." मग त्यांनी गठ्ठ्यातला एक टॉवेल उचलला, काठावरून बोट फिरवले. "हा 'ऋ' विणलाय? गोलाई कुठेच तुटलेली नाही. कसं जमवलंत, ताई?"

राजेश्वरी खोकली.

दाराआड सुंदरम्माचे बोट उचलले गेले आणि हवेतच राहिले. 'कसं' या प्रश्नाला एक टक पुरेना, दोनही पुरेनात.

राजेश्वरी पुन्हा खोकली. अंबादास घाईने म्हणाला, "घसा बसलाय तिचा, मॅडम."

"मग काढून दाखवा. हा घ्या कागद."

राजेश्वरीने कागद नुसता हातात धरला. सुंदरम्माला मानेपाशी कोणाचा तरी श्वास जाणवला. तीस वर्षे आवरून धरलेला. ती बाहेर आली.

"गोलाईवर दर ओळीला एकच धागा सरकवायचा," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला या खोलीत परका वाटला. "दोन सरकवले की पायरी दिसती."

सगळ्यांचे डोळे तिच्या मोकळ्या कपाळावर जाऊन थांबले.

"ह्या कोण?" कौसर मॅडमनी विचारले.

"वैनी. मदत करतात थोडीफार." अंबादासने आवाज दाबला. "वैनी, आत जावा. घर बुडवायलाव काय?"

सिद्धलिंगप्पांनी हातातला टॉवेल हळूच गठ्ठ्यावर ठेवला, गरम भांडे ठेवावे तसा. "म्हंजे उंदीर न्हवता तर तो." ते सुंदरम्माकडे वळले. "माझं काय न्हाय ओ बाई. इणलंय झ्याक. पर मांडवात शंभर तोंडं. उद्या पोरीला काय झालं, तर मीच मला खाईन. न्हाय, नको मला हे."

"थांबा की अप्पा!" अंबादास कळवळला. "वैनी, एकदा सांगा त्यान्ला. तुमी नुसत्या कांड्या भरता म्हणून सांगा. एवढंच."

कौसर मॅडमचे पेन रकान्यावर थांबले होते. "मला इथे एकच नाव लिहायचंय. उद्योजिका कोण?"

"मी," सुंदरम्मा म्हणाली. "हे तीनशे मीच इणले, आणि ह्याच्या आधीचे सगळे. लिहा, सुंदरम्मा."

अंबादासने बायकोकडे पाहिले. राजेश्वरी खुर्चीतून उठली. "माझ्याकडं काय बघायलाव? लिहा मॅडम. अक्काचंच हाय सगळं. मी इतकी वर्षं नुसती खोकायलीय."

सिद्धलिंगप्पा रिकाम्या हातांनी गेले. ऋतुजा आणि अभिमन्यूची तीनशे जोड नावे कोपऱ्यात रचलेली राहिली. दुसऱ्या कोणाच्या मांडवात ती जाणार नव्हती.

अर्ज सुंदरम्माच्या नावाने नव्याने भरला गेला. पाच महिन्यांनी यंत्र आले, त्याची वीज आली, बँकेचे पत्रही आले. माणसाला पायावर उभे करायला सरकार जे जे देऊ शकते, ते बहुतेक सारे आले. पण चारातले दोन माग बंद आहेत. अंबादास बोलत नाही. मंद्रूपहून कोणी फिरकत नाही.

सुंदरम्मा रोज पुढे बसते. आज पायरीवर एक नवरा-बायको येऊन उभे आहेत. मुलीचे लग्न असावे. हातात पत्रिकेचा नमुना आहे.

"मालकीणबाई कुठायत?" ती बाई विचारते.

"मीच."

दोघे तिच्या कपाळाकडे पाहतात, मग एकमेकांकडे. पत्रिका बोटांत थोडी दुमडते.

"या की आत," सुंदरम्मा म्हणते.

ते दोघे अजून पायरीवरच आहेत. नीट पाहा, चेहरे ओळखीचे वाटतील. पत्रिकेवर आपल्याच घरचे नाव असेल. सुंदरम्माला जे करायचे होते ते तिने केले आहे. आता पाऊल उचलायचे आहे ते आपल्याला.