कासऱ्याची दोन टोकं

मी एक जुना कासरा आहे. बेळगावजवळच्या सांबरा गावात, एका अंगणात भावकू आप्पांनी घायपाताचा वाख काढून मला वळलं. मला डोळे नाहीत. ऐकू येतं, आणि ताण कळतो. माझं एक टोक जनावराकडे असतं, दुसरं माणसाकडे. मधे ताण आहे की ढील, यावरून मला दोघांचीही खबर लागते.

मित्रांनो, माझी उमेदीची वर्षं शेतात गेली. बैल पुढे, नांगर धरून आप्पा मागे आणि मी मधे. आप्पा मला ओढत नसत. बांध आला की जरासं हलवत आणि बैल वळत. बेंदराच्या सणाला मला धुऊन हळद लावत, तेव्हा मला फार भारी वाटायचं.

मग आप्पांच्या पत्नी मालुबाई वारल्या. मुलगा नागेंद्र बेळगावात नोकरीला होता. तो आप्पांना खासबागेतल्या आपल्या घरी घेऊन आला. बैल विकले. आप्पांनी गावाकडून तेवढं मला आणलं. सून मंगलने मला जिन्याखालच्या खिळ्याला अडकवलं. मी तिथे धूळ खात राहिलो आणि आप्पा व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून राहिले. दोघांचंही कुणाला काही काम नव्हतं.

एक दिवस रस्त्यावरचं कुत्र्याचं पिल्लू आप्पांच्या खुर्चीखाली येऊन झोपलं ते तिथेच राहिलं. आप्पांनी त्याला खंड्या म्हणायला सुरुवात केली. तो मोठा झाल्यावर मला खिळ्यावरून काढलं. बैलाचा कासरा कुत्र्याला बांधला म्हणून शेजारी हसले. त्यात आप्पा त्याच्या मागून चालत. औताची सवय, दुसरं काय. खंड्या जिथे थांबे तिथे तेही थांबत. तो मातीत नाक खुपसून हुंगत राही, तोवर हेही उभे. मी मधे सैल लोंबत असे. मला ते काम आवडलं.

यंदा आप्पांचा गुडघा गेला. खंड्याला फिरवायला कुणी उरलं नाही आणि तो दिवसभर भुंकू लागला.

"आप्पा, मिलिटरी कॅम्पात एक सुभेदार हाईत. न्हेतो म्हणत्यात कुत्र्याला. रविवारी देऊन टाकूया," नागेंद्र म्हणाला.

"बरं," आप्पा म्हणाले. त्या दिवशी ते जेवायला उठले नाहीत. दुसऱ्या दिवशीही भाकरी ताटात तशीच राहिली.

"कुत्रं गेलं तर आप्पांचं काय हुईल, इचार केलासा काय?" मंगलने नवऱ्याला विचारलं. सकाळी खंड्याला फिरवायला नागेंद्रने मला उचललं.

एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात मी. तो पुढे आणि खंड्या मागे. फाटकाबाहेर पडेपर्यंतच मला असा ताण बसला की माझा एक पेड तुटला. खंड्या रस्त्यात बसला.

"नागेंद्र, फुडनं वडू नगो रं. त्याच्या मागनं जा," खुर्चीतून आप्पा म्हणाले.

"आप्पा, आफिसला उशीर हुतोय."

"व्हय. तरीबी मागनं जा."

तो मागून निघाला, पण हात रागातच होता. एका विणकराच्या दारात खंड्या थांबला आणि उन्हात आडवा झाला. नागेंद्रने दोनदा ओढून पाहिलं, मग सोडून दिलं. आत मागाचा खटखटाट चालला होता.

"आप्पा न्हाईत आले?" आतून कुणीतरी विचारलं.

"गुडघा दुखतोय त्यांचा. मी मुलगा."

"बसा की. हितं ऊन चांगलं येतंय."

नागेंद्र पायरीवर बसला. रोज मोटारसायकलवरून तो याच दारासमोरून जात असे. खिशात मोबाइल वाजला आणि वाजून थांबला. हळूहळू मी सैल पडलो.

घरी आल्यावर आप्पांनी विचारलं, "काय काय बघितलास?"

आजवर बापाच्या कुठल्याही प्रश्नाला नागेंद्रचं उत्तर एकच असे, "काय न्हाय." आज तो जमिनीवर बसला. मागावरच्या हिरव्या काठाच्या साडीबद्दल बोलला. सुताचे बारीक तंतू नाकात जाऊन खंड्याला कशा शिंका आल्या, ते त्याने करून दाखवलं. आप्पा हसले. मग त्यांनी मंगलकडे भाकरी मागितली. रविवारी कॅम्पात कुणीच गेलं नाही.

मित्रांनो, मी आता फार दिवस टिकणार नाही. नवा नायलॉनचा पट्टा आणा, माझी हरकत नाही. पण त्याच्या टोकाला जो जीव असेल, त्याच्या मागून रोज थोडं चाला. आणि काय बघितलंस, असं घरी कुणी विचारलं, तर काही नाही म्हणू नका. खुर्चीतलं माणूस त्या उत्तरासाठी जेवायचं थांबलेलं असतं.