कुंकू लागलेला एसी

"कुंकू लागलंय काकी. आता कंपनी परत नाय घेत."

कैलास हे अगदी शांतपणे म्हणाला. स्टुलावर चढून त्याने भिंतीवरच्या नव्याकोऱ्या एसीवर बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं. बोटाला काहीच लागलं नव्हतं. कुंकू केव्हाच सुकून पांढऱ्या प्लास्टिकात मुरलं होतं.

"आणि ह्याच्यावर स्वस्तिक कुणी काढलान?" मी विचारलं. "नारळ कुणी फोडलान? तूच ना?"

"मीच. नाय कुठे म्हणतो? पण पूजा झाली म्हणजे वस्तू वापरलेली झाली. कंपनीवाल्यांना काय कळतंय कुंकूबिंकू? त्यांना डाग दिसतो."

पलंगावर हे बसले होते. कानटोपी, स्वेटर, त्यावर माझी शाल. खोकल्याची उबळ ओसरली तशी हात हलवून म्हणाले, "जाव दे गो. पोर काय मुद्दाम करंल?"

त्या क्षणी मला कैलासपेक्षा ह्यांचाच राग जास्त आला.

बहरीनमध्ये थंडी कसली, असं गावाकडचे लोक हसून विचारतात. त्यांनी जानेवारीत एकदा आमच्या अमवाजच्या घरी यावं. समुद्रात भराव घालून केलेली ही बेटं. विनीतने, आमच्या मुलाने, हौसेने तळमजल्याचा फ्लॅट घेतला, आईबाबांना जिने नकोत म्हणून. उत्तरेचा वारा सुटला की खिडक्या बंद असल्या तरी गादी ओलसर लागते. ह्यांची छाती आधीच अधू. गेल्या हिवाळ्यात न्यूमोनिया होऊन हॉस्पिटलात दिवस काढले, तेव्हा डॉक्टरने बजावलं होतं, पुढच्या थंडीत खोली उबदार हवी, पुन्हा असं झालं तर ह्या वयात कठीण आहे. सुनेने, अश्विनीने, तेलाचा हीटर आणला. त्याने ह्यांचा घसा कोरडा पडे आणि रात्रभर ढास लागे. मग ठरलं, गरम आणि थंड दोन्ही हवा देणारा एसी घ्यायचा.

आणि एसी म्हटलं की आमच्यासाठी कैलास.

कैलास आमच्याच तालुक्यातला. त्याचा पहिला व्हिसा ह्यांनी शब्द टाकून मिळवून दिला. आला तेव्हा आमच्या मनामा शहरातल्या दोन खोल्यांत राहिला, माझ्या हातचं जेवला. दुसऱ्यांच्या हाताखाली पाना-पेंचीस धरता धरता स्वतःचं एसीचं दुकान टाकलं. दर शुक्रवारी हमूर नाहीतर साफी मासा घेऊन यायचा, "काकी, कालवण करा" म्हणून ओट्यावर टाकायचा. अशा माणसाकडे पावती मागायची? आमच्या लोकांत गाववाल्याकडे पावती मागितली तर त्याच्या तोंडात मारल्यासारखं होतं. इथे आलेल्या पहिल्या पिढीपासून हे असंच. वस्तू घरी येते, कुंकू लागतं, नारळ फुटतो, झाला व्यवहार. आम्हीही तसंच केलं. त्या दिवशी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकत कैलास म्हणाला होता, "आता काकांनी गंजीफ्रॉकवर निजायचा."

रिमोटवर सूर्याचं चित्र होतं. ते दाबलं की मशीन घरघरायचं आणि गार वारा सोडायचं. आम्ही वाट पाहिली. कैलास फोनवर म्हणायचा, नवीन मशीन हाय, गरम व्हायला वेळ घेतो. शेवटी त्याच्याच दुकानातला मेकॅनिक वकार आला. पेशावरकडचा, साधा माणूस. त्याने बाहेरचा डबा उघडला, आत पाहिलं आणि कान खाजवत म्हणाला, "अम्मा, इसमें हीटिंग है ही नहीं. रिमोट तो सब का एक जैसा आता है. मेरा नाम मत लेना."

म्हणजे माझ्या आजारी नवऱ्याच्या अंगावर मी स्वतःच्या हाताने गार वारा सोडत होते.

म्हणून कैलासला बोलावलं होतं. तर तो कुंकवाचा डाग दाखवत होता.

"तुला ठाऊक होता की नव्हता, येवढा सांग," मी म्हटलं.

तो स्टुलावरून उतरला. "काकी, गरमवाला माल आला नव्हता. हा पडून होता. दोन महिन्यांची तर थंडी इथली. मग दहा महिने थंडच पायजे ना?"

"दोन महिन्यांत माणूस मरतो रे."

"काय बोलता काकी, अशुभ!" असं म्हणून त्याने ह्यांच्या पायांना हात लावला आणि गेला. ह्यांनी त्याला आशीर्वाद दिला. खरंच दिला.

आमच्या ह्यांचं नाव शंभू. पण मीना सलमान बंदरात सगळे त्यांना अबू विनीत म्हणत, विनीतचा बाप. माल सोडवणाऱ्या एका एजन्सीत ते कारकून होते. कागद हाताखालून जात, पण खरं काम तोंडाचं. अरबी, हिंदी, इंग्रजी, मल्याळी, सगळं येत असे. कस्टमचा अधिकारी, बोटीचा कप्तान, हमालांचा मुकादम, तिघं तीन भाषांत भांडत आणि मधे हे उभे. कप्तानाने शिवी दिली की हे अरबीत सांगत, कप्तान साहेब थकलेत. मुकादम म्हणाला, ह्याच्या बापाचा नोकर आहे का मी, तर हे सांगत, जेवणाची वेळ झाली म्हणतोय. धक्क्यावर कधी मारामारी झाली नाही ती ह्यांच्यामुळे, असं लोक कौतुकाने सांगत.

मला त्या कौतुकाची झळ लागलेली आहे. मनामातल्या जुन्या घराचं छत गळायचं. विनीत लहान होता, त्याच्या अंथरुणावर पाणी पडायचं. घरमालक आला तेव्हा मी दारात उभी राहून त्याला नाही नाही ते बोलले. ह्यांनी मान डोलावत अरबीत सांगितलं. घरमालक हसला, माझ्याकडे बघून छातीला हात लावून गेला. मला वाटलं शरमला. पुढे सूकमध्ये, इथल्या बाजारात, बायकांचे कपडे शिवता शिवता मी अरबी समजायला लागले, तेव्हा एकदा ह्यांना विचारलं, त्या दिवशी काय सांगितलंत? तर म्हणे, "चहा घेऊन जा म्हणते, असा सांगितला." आणि छत? छत आम्ही घर सोडेपर्यंत गळत होतं.

म्हणून ह्या खेपेला मी ठरवलं, जाऊ द्यायचं नाही.

अश्विनी म्हणाली, "आई, दुसरा मागवते ना ऑनलाइन. कशाला त्रास करून घेता?"

"आणि हा?"

"राहू दे भिंतीवर. उन्हाळ्यात लागेल."

"उन्हाळ्याला आहेच की दुसरा. हा त्याने खोटं बोलून टांगलाय. ह्याच्याकडे बघत मी निजायचं?"

 मग तिनेच ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी ऑफिसचा पत्ता काढला, माझ्या फोनवरून तक्रार आणि एसी आणताना कैलासने मला धाडलेला व्हॉइस मेसेज पाठवला आणि सुनावणीच्या दिवशी रजा काढून आम्हाला गाडीने नेलं. हे यायला तयार नव्हते. मी म्हटलं, "एसी तुमच्या छातीसाठी, छाती घरी ठेवून मी जाऊ?"

कॉरिडॉरमध्ये कैलास आधीच उभा होता. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. माझ्याकडे त्याने पाहिलंच नाही. ह्यांना बाजूला घेतलं, पण कॉरिडॉर तो, सगळं ऐकू येत होतं.

"काका, बायकामाणसांशी बोलताना माणूस काय पण बोलतो. काकीने माजा आवाज दिलाय ह्यांना. आतमधे तुमालाच विचारतील. तुमी फक्त सांगा, कैलास बोल्ला बहुतेक गरम होईल. येवढाच. दुकानाचा सवाल हाय काका."

 ह्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"पाठ थोपटलीत?" मी दात आवळून म्हटलं. "आत जाऊन चहा पण द्या त्याला."

आतली बाई तरुण होती, काळ्या अबायात, चष्मा लावलेली. माझ्या नातीपेक्षा थोडी मोठी असेल. तिने ह्यांना खुर्ची दिली आणि हीटर जवळ सरकवला. आधी मलाच विचारलं, पावती कुठे? मी मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं, घेतली नाही, आमचा माणूस आहे.

मला वाटलं, आता हाकलून देईल. ती कैलासकडे वळली. "पावती देणं हे दुकानदाराचं काम आहे. यांनी मागितली नाही म्हणून तुझी जबाबदारी संपत नाही." मग म्हणाली, "प्रश्न एवढाच, की तू काय सांगून विकलंस."

कैलास म्हणाला, थंड हवेचा म्हणूनच विकला. डोळ्याची पापणी न हलवता म्हणाला.

तिने माझा फोन टेबलावर ठेवला आणि व्हॉइस मेसेज लावला. खोलीत कैलासचा आवाज भरला, आपल्या तालुक्याचा, हेल काढलेला, इतका गोड की मला पुन्हा एकदा खरं वाटलं असतं.

तिला अर्थातच काही कळलं नाही. म्हणाली, दोघांना मान्य असेल तर बाबांनीच अरबीत सांगावं, नाहीतर शिक्क्याचं भाषांतर आणा आणि पुन्हा तारीख घ्या. कैलास घाईने म्हणाला, "चालेल, काका सांगूदेत." त्याची ह्यांच्यावर पूर्ण भिस्त होती. माझीही तशीच खात्री होती. मी पदराचं टोक मुठीत धरून बसले.

तिने मेसेज पुन्हा लावला, वाक्यावाक्याला थांबवत.

"काकी, कैलास बोलतोय. एसी गाडीत घातला."

ह्यांनी सांगितलं.

"गरम आणि थंड दोन्ही हाय."

 कैलास वाकून त्यांच्याकडे पाहत होता. मग ह्यांनी अरबीत सांगितलं, गरम आणि थंड, दोन्ही. बहुतेक नाही, होईल नाही. आहे, असं सांगितलं.

"मी स्वता चालवून बघितला."

ह्यांनी तेही सांगितलं. कैलास हळूच म्हणाला, "काका." एवढंच.

"गावदेवीची आन, आता काकांना उबेत निजवतो."

इथे ह्यांना उबळ आली. पाठ वाकली, डोळ्यांत पाणी आलं. मी उठले, त्या मुलीने पाण्याचा ग्लास पुढे केला. म्हणाली, शेवटचं राहू द्या बाबा, लागणार नाही. ह्यांनी हाताने नको म्हटलं. पाणी प्यायले, तोंड पुसलं, आणि अरबीत म्हणाले, "आमच्या गावात जी शपथ कुणी खोट्यासाठी घेत नाही, ती ह्याने घेतली. माझं नाव घेऊन घेतली."

इतक्या वर्षांत मी ह्यांना कुणाचं बोलणं असं मऊ न करता पोचवताना ऐकलं नव्हतं.  मघाशी दात आवळून बोलले होते त्याची लाज वाटली नाही, पण मुठीतलं पदराचं टोक मी सोडलं.

त्या मुलीने कैलासला विचारलं, बाबांनी बरोबर सांगितलं? नाही म्हणायची सोय त्याला होती. शिक्क्याच्या भाषांतरात महिना गेला असता, थंडी संपली असती. त्याने टेबलाकडे बघत मान हलवली. बरोबर.

पुढचं लवकर झालं. हा एसी काढून न्यायचा, खरोखर गरम हवा देणारा बसवायचा, पावती द्यायची, आणि डागाचं कारण सांगायचं नाही. मुलीने दटावून सांगितलं, पुन्हा तक्रार आली तर दुकान बंद. कैलास सही करून आमच्या आधी निघून गेला.

गाडीत मी म्हटलं, "बरं केलंत."

हे खिडकीबाहेर बघत होते. "बरा काय त्याच्यात? त्याच्या आवशीला सांगून आणलेला मी. लक्ष ठेवीन बोल्लो होतो."

"मग हेच लक्ष ठेवणं. आधीच ठेवायला हवं होतंत."

 अश्विनीने गाणं लावलं होतं, ते बंद केलं.

दोन दिवसांनी कैलास आला. बरोबर वकार आणि नवीन खोका. मला वाटलं होतं माणसं पाठवेल, पण स्वतः आला. दारात बूट काढले. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "चहा ठेवते रे."

"नहीं आंटी, शुक्रिया. दूसरी जगह जाना है."

मी हातात भांडं घेऊन तशीच उभी राहिले. तो वकारशी बोलत असेल असं वाटलं. पण तो माझ्याकडे बघून बोलला होता.

काम होईपर्यंत तो तसाच बोलत राहिला. "अंकल, थोड़ा साइड होना पड़ेगा." "आंटी, ये टेबल हटा सकते हैं?" अदबीने, प्रत्येक गिऱ्हाइकाशी बोलतात तसं. जुना एसी उतरवून खोक्यात घातला. नवीन चालू केला. थोड्या वेळाने खोलीत खरोखरची ऊब पसरली. वकारने ह्यांच्याकडे बघून हसून अंगठा दाखवला.

कैलासने पावती काढली, छापील, शिक्का मारलेली. "अंकल, यहाँ साइन कर दीजिए. दो साल की वॉरंटी है. कुछ भी हो तो दुकान के नंबर पे फोन कीजिए."

मला ओरडावंसं वाटत होतं. अरे, भाकरी करपली म्हणून रुसायचास तो कुठल्या भाषेत? खोटं बोललास तेव्हा बरी आपली भाषा आठवली, आणि आता खरं द्यायची वेळ आली तर हिंदी? राग छातीत नुसता उकळत होता. अजूनही निवलेला नाही, सांगायला मला संकोच नाही.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. मला खात्री होती, हे म्हणतील, बस रे कैलास, काय लावलंस हे. एका वाक्यात सगळं पुसून टाकतील. आयुष्यभर तेच केलं होतं.

ह्यांनी चष्मा लावला. पावती वरपासून खालपर्यंत वाचली, सही केली, आपली प्रत घडी करून स्वेटरच्या खिशात ठेवली. मग उठले आणि भिंतीला धरत त्याला दारापर्यंत पोचवायला गेले. बाहेर पायरीवर समुद्राची ओल होती.

"सँभल के जाना," हे म्हणाले. "पायरी गीली है."